संगणकाचे कडीकुलूप

कुलपांच्या बाबतीत मराठी माणूस मोठा दक्ष. दार ओढून घेतल्यावर कुलूप दोनदा हिसडून पाहिल्याखेरीज त्याचे पाऊल पुढे पडत नाही. गावाला निघाला, की गल्लीच्या टोकावरून ‘गॅस बंद केला ना?’ म्हणत परत फिरणारा प्राणी तो हाच! अशा या सावध माणसाच्या घरात, कोपऱ्यातल्या टेबलावर, एक यंत्र मात्र सदा सताड उघडे असते. त्याला पासवर्ड असलाच, तर घरच्या बाळाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. ते यंत्र म्हणजे घरचा संगणक.

आमच्या घरी संगणक आला तो माझ्या अभ्यासासाठी, असे निदान सांगण्यात आले. आज मात्र त्याच्यावर खरी सत्ता आईची आहे. ती आमच्या गल्लीतल्या महिला बचत गटाची सचिव. बारा जणींची दरमहाची बचत, कुणी शिलाई यंत्रासाठी घेतलेले कर्ज, कुणाचा थकलेला हप्ता, सारे तिने त्यात नोंदवून ठेवले आहे. शेजारच्या कप्प्यात शेताचा सातबारा, वडिलांची पेन्शनची कागदपत्रे आणि ताईच्या लग्नाचे फोटो. यंत्र मोडले तर दुसरे आणता येईल. पण त्यातला हिशेब गेला, तर बारा बायकांना तोंड कसे दाखवायचे? हा प्रश्न आईने मला एकदा सरळ विचारला आणि मी उत्तराच्या शोधाला लागलो. जे सापडले ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला शत्रू आळस. ‘नवी दुरुस्ती आली आहे, संगणक पुन्हा सुरू करू का?’ असे यंत्र अदबीने विचारते आणि आपण ‘नंतर’ म्हणून मोकळे होतो. हे ‘नंतर’ किती महाग पडते, ते २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच फटीतून बाहेर पसरला, दीडशेच्या आसपास देशांतल्या संगणकांमधल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. औषध दोन महिने उशाशी होते. ते घ्यायचे तेवढे राहून गेले!

तेव्हा दुरुस्ती आली की त्याच दिवशी बसवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचे यंत्र अजून त्यावर चालते, त्यांनी विंडोज ११ कडे वळावे. जुन्या यंत्राला ते पेलत नसेल, तर लिनक्सची एखादी फुकट मिळणारी आवृत्ती बसवावी. विंडोजबरोबर ‘डिफेंडर’ हा पहारेकरी येतोच. तो जागा आहे एवढे पाहावे. आणि महागडा प्रोग्रॅम कुणी ‘कुलूप फोडून’ फुकट देऊ लागला, तर हात जोडावेत. दुसऱ्याचे कुलूप फोडणारा आपल्या घरात फक्त दान करायला येतो, असे का मानावे?

दुसरी गोष्ट अधिकाराची. एकत्र कुटुंबात तिजोरीच्या किल्ल्या सगळ्यांच्याच कमरेला नसत. संगणकातही दोन तऱ्हेची खाती असतात. एक कारभाऱ्याचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे. त्यातून नवे प्रोग्रॅम बसवता येतात, सारी व्यवस्था बदलता येते. दुसरे साधे. रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे. मग चुकून एखादा भामटा प्रोग्रॅम आत आलाच, तरी त्याला साध्या खात्याइतकेच अधिकार मिळतात. मामाचा मुलगा सुट्टीत आमच्याकडे खेळ खेळायला येतो. त्याचे खाते निराळे. त्याने कितीही राक्षस मारले तरी आईच्या हिशेबाला धक्का लागत नाही.

आता पासवर्ड. अंक, मोठे अक्षर आणि उद्गारचिन्ह यांची मिसळ करून तो दर महिन्याला बदलावा, ही जुनी शिकवण. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली ती बाजूला सारली. लांबीला महत्त्व द्या, आणि तो फुटल्याची शंका नसताना ठराविक मुदतीने बदलायला लावू नका, असे तिचे सांगणे. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत: छत्री, भोपळा, मंगळवार, तबला. (हे आता छापून आले, कुणी वापरू नयेत!) बँक, ईमेल, संगणक, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा आणि ईमेलला दुहेरी पडताळणी हवीच, कारण बाकीच्या बहुतेक किल्ल्या तिथूनच बदलून मिळतात. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. परदेशातून तारेवरून येणारा चोर आपले लाकडी कपाट उघडू शकत नाही.

सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे प्रती. जाणकारांचा नियम तीन-दोन-एक असा आहे: महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर कशाला, असे पुण्या-मुंबईचा माणूस विचारील. आम्हा सांगलीकरांना ते समजावून द्यावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा संगणक आणि त्याच्या शेजारची हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. आमची एक प्रत मिरजेला मावशीकडे असते. घरातली डिस्क काम झाले की काढून ठेवावी. जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर किडा तिलाही कुलूप घालतो. आणि अधूनमधून प्रतीतली एखादी फाईल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

यंत्राच्या देहाचीही थोडी काळजी हवी. हवा खेळू द्यावी, धूळ झाडावी, आणि वीज लहरी असेल तिथे यूपीएस घ्यावा. तो काही मिनिटेच टिकतो. पण हिशेब जतन करून यंत्र रीतसर बंद करायला तेवढी पुरतात.

एवढे करूनही एक दार उरते. ते माणसाचे. मध्यंतरी पडद्यावर लाल अक्षरे चमकली, भोंगा वाजू लागला: ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.’ मी टेबलापर्यंत पोचण्याआधी आई शांतपणे म्हणाली, ‘‘ज्याला आपण बोलावलं नाही, त्याला आपल्या घरातलं कसं कळलं?’’ सुरक्षेचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आहे. अशा वेळी फोन करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तिथून ब्राउझर बंद करावा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालवू देणारे ॲप बसवू नये, ओटीपी कुणाला सांगू नये. पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

हल्ली महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. दुरुस्त्या पाहायच्या, प्रती काढायच्या, डिस्क काढून ठेवायची. शेवटी आई हिशेबाचे पान छापते. गटाच्या बैठकीत ते पान हातोहात फिरते. गटातल्या एका आजींना वाचता येत नाही. त्या वरून सातव्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, ‘‘हे माझंच ना गं?’’ आई रक्कम मोठ्याने वाचून दाखवते. आजी मान डोलवतात आणि पान पुढे देतात.