भिंगरीची रात्रपाळी

जुन्या जालन्यातल्या त्या घरात भिंगरी आली तेव्हा ती तशी कुणालाच नको होती. शेताच्या राखणीला म्हणून आणलेलं पिल्लू. पुढं बदनापूरकडची ती जमीनच विकली गेली, राखायला काही उरलं नाही आणि राखणदार गावातल्या घरी आली. ढाळज, चौक, मागं दोन खोल्या आणि गच्चीवर जाणारा अरुंद जिना, एवढ्यातच तिनं आपलं रान मांडलं. ढाळजेतून सुटायची, चौकातल्या पाण्याच्या ड्रमांना वळसा घालून जिना चढायची, गच्ची हुंगून तशीच खाली. शेपटीचा फटका बसून रांजणावरचं झाकण पडलं की आजी ओरडायची. तो ओरडा म्हणजे शाबासकी असं समजून भिंगरी पुढचा फेरा दुप्पट जोरात मारायची.

आबा त्याच सुमारास घरी बसले होते. भंगार वितळवून त्याच्या सळया करणारे कारखाने जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पुष्कळ. त्यातल्याच एकात त्यांचा जन्म गेला, निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. निवृत्तीनंतर दिवसा काम नाही आणि रात्री झोप नाही, अशी त्यांची गत झाली होती. पहाटे दोघं मोती तलावाकडं जायची. दमून आबा परतायचे. भिंगरी तापून परतायची. पळून ती थकत नसे, पळून तिला आणखी पळावंसं वाटे. हे घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सकाळी थोडी शांतता मिळाली की सगळे आपापल्या कामाला लागत.

मार्च २०२० मध्ये ती सोयही गेली. २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. तेव्हाचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे याच जिल्ह्यातले. रोज टीव्हीवर दिसायचे, आणि आपल्याकडचा माणूस सांगतोय म्हटल्यावर आजी कुणाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना. त्यात हाँगकाँगमधल्या एका पाळीव कुत्र्याच्या नमुन्यात विषाणूचा अंश सापडल्याची बातमी फिरत होती. कुत्र्यामुळं माणसाला लागण होते असा काही पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, पण गल्लीत बातमीचा पहिला अर्धाच भाग पोचला. भिंगरी ढाळजेत दिसली तरी समोरच्या घराची खिडकी लागायची. एप्रिल सरता सरता पारा चाळिशीच्या पुढं गेला, गच्चीची फरशी तापून पाय ठेववेना आणि तिची धाव चौकापुरती उरली. तिनं एक ड्रम आडवा केला. नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या गावात भरलेला ड्रम सांडणं म्हणजे काय, हे जालनेकराला वेगळं सांगायला नको.

तोडगा काढला सुनेनं. भिंगरीनं थोडा वेळ तरी गप बसावं म्हणून एका दुपारी तिनं भाकरीचा कुटका पाट्याखाली सरकवला आणि म्हणाली, ‘‘हुडक.’’ दुसरा कोनाड्यात ठेवला, तिसरा घडवंचीमागं. भिंगरी नाक जमिनीला लावून घरभर हिंडली, फुसफुस श्वास घेत, कान मागं टाकून. तिन्ही कुटके सापडले आणि ती चक्क जिन्याखाली पाय ताणून झोपली. तासभराच्या पळण्यानं जे झालं नव्हतं ते थोड्या हुंगण्यानं झालं.

त्यात नवल तसं काही नाही. कुत्र्याला जग पहिल्यांदा कळतं ते नाकानं. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोन महिला संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन शोधण्याचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाला पाय लावून चालण्याचा. मग खाऊ असेल की नसेल असा संशय यावा अशा जागी भांडं ठेवलं. शोधणारी कुत्री आधीपेक्षा लवकर तिकडं गेली, चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. म्हणजे शोधणारी कुत्री जास्त आशावादी झाली, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आबांना हे नातवंडांच्या मोबाइलवरून कळलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. त्यांचा दाखला एकच होता, मुंबई पोलिसांचा कुत्रा जंजीर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यानं हुडकून काढलेलं ३,३२९ किलो आरडीएक्स ते आपणच वजनकाट्यावर मोजल्यासारखं सांगायचे. खेळ सुनेचा होता, पण आठवड्याभरात तो आबांचा झाला. जेवणं आटोपली की ते दुरडीतून कुटका घेत, भिंगरीला मागच्या खोलीत कोंडत आणि लपवायला निघत. पिठाच्या डब्यामागची जागा त्यांची सगळ्यात लाडकी.

मग ८ मे उजाडला, शुक्रवार.

जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर आदल्या संध्याकाळी गावाकडं निघाले होते. काम थांबलेलं, हातात पैसा नाही. भुसावळहून रेल्वे मिळेल या आशेनं ते रुळांच्या कडेनं चालत राहिले. करमाडजवळ थकले आणि गाड्या बंदच आहेत असं समजून रुळांवरच आडवे झाले. पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. दिवसभर टीव्हीवर एकच चित्र होतं : रूळ, खडी, चपला आणि विखुरलेल्या पोळ्या.

आबा दिवसभर बोलले नाहीत. रात्री ठरल्या वेळी भिंगरी आली आणि तिनं बाजेवर हनुवटी टेकली. आजीनं कुटका आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत दुरडीत ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

भिंगरीला सुट्टी कळत नव्हती. तिनं आपल्या आपणच पाळी सुरू केली. ज्या ज्या जागी कधी भाकरी सापडली होती, ती प्रत्येक जागा हुंगत सुटली. कोनाड्यातली पणती पडली, घडवंचीवरच्या वाकळा खाली आल्या. बाराच्या पुढं कधीतरी पिठाचा डबा कलंडला आणि पांढरे पाय घेऊन ती घरभर भुंकत फिरली. समोरच्या खिडकीतून शिवी आली. मुलगा साखळी घेऊन उठला. ‘‘बांधतो तिला. तुम्हीच लावलीय ही सवय!’’ त्याचा आवाज चढला, तशी धाकटी नात रडत उठली.

‘‘बांधायचं नाही,’’ आबा म्हणाले.

‘‘मग द्या ना तिला भाकरी!’’

‘‘भाकरी जमिनीवर टाकायची नाही. आजपासून नाही.’’

मग ते एकदम बोलायला लागले. रात्रपाळीला मध्य प्रदेश-बिहारकडची पोरं असायची, कारखान्यालगतच्या खोल्यांतून राहणारी. रात्री एकच्या सुट्टीत ती पोळ्या भाजायची आणि आबा त्यांच्यात जेवायचे. आजीनं बांधून दिलेला डबा ते त्यांना द्यायचे. कैक वर्षं. आजीला हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तिला राग आला तो डबा दुसऱ्यांना दिल्याचा नाही, इतकी वर्षं ‘भाजी कशी झाली होती’ याचं उत्तर खोटं मिळाल्याचा. तसं तिनं लगेच बोलूनही दाखवलं. पिठात उभी राहून.

शेवटी आबांनी खुंटीवरचं आपलं जुनं उपरणं फाडलं, त्याला दोन घट्ट गाठी मारल्या आणि भिंगरीच्या नाकापुढं धरलं. घामाचा, तंबाखूचा, माणसाचा वास. ‘‘हुडक.’’ पहिल्यांदा ते ड्रमांमागं ठेवलं, तिनं आणलं. मग जिन्याच्या सहाव्या पायरीवर, मग पाट्याखाली. आबा दमले तेव्हा मुलगा उठला आणि साखळी खुंटीला अडकवून त्यानं ते फडकं स्वतः लपवलं. बाप-लेकात जमीन विकल्यापासून कामापुरतंच बोलणं होतं. त्या रात्री कोणती जागा अवघड यावरून ते पहाटेपर्यंत वाद घालत होते.

त्यानंतर त्या घरात भिंगरीला शोधायला कधी खायचं मिळालं नाही. फडकं सापडलं की खाऊ हातातून. पुढं मुलानं तिला वस्तूंची नावं शिकवायचा घाट घातला, कारण अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती हे त्यानं वाचलं होतं. भिंगरीची मजल आबांचा चष्मा, आजीची चप्पल, झाडू अशा मोजक्या नावांपर्यंत गेली. तिला याहून पुष्कळ येतं, ती सांगत नाही, असं आबांचं मत होतं आणि ते त्यांनी कधीच बदललं नाही.

मागच्या पावसाळ्यात भिंगरी गेली. नातीनं मोबाइलवर कुणाची तरी कुत्री बिस्किटं शोधताना पाहिली आणि विचारलं, ‘‘आपल्या भिंगरीला फडकंच काहून?’’ त्या रात्रीचं तिला काहीच आठवत नव्हतं. सांगायला बसला तिचा बाप. आपण साखळी घेऊन उठलो होतो हेही त्यानं गाळलं नाही. आबा ढाळजेतून मधूनमधून दुरुस्त्या करत होते. पायरी सहावी नव्हे, सातवी. शिवी एक नव्हे, दोन.

घाणेवाडीकडून येणाऱ्या दूधवाल्याकडं आता पिल्लं झालीत. या वयात आपल्याला झेपायचं नाही, असं आबा म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला पिल्लांचे डोळे उघडले का विचारतात. सून तयार आहे, पण पिठाचा डबा खेळातून वगळायचा ही तिची अट आहे. ती आबांना मान्य नाही. तेवढी एकच जागा खऱ्या अर्थानं अवघड आहे, तीच काढली तर कुत्र्यानं करायचं काय, असं त्यांचं म्हणणं आहे.