परभणीचें पेट्रोल आणि घरची वीज

‘जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यांत लहान मुलालाही ठाऊक आहे. ती कोणीं व कशावरून प्रचारांत आणली ह्याबद्दल प्रत्येक जण निराळी हकीकत सांगतो, आणि आम्ही परभणीकर त्या सर्व हकीकती सारख्याच अभिमानानें ऐकतों. परंतु गेल्या कांहीं वर्षांत ही म्हण ज्या रीतीनें खरी ठरली, ती रीत म्हण करणाराच्या मनांत खचित नसेल. देशांत पेट्रोल अतिशय महाग असलेल्या गांवांची यादी निघाली कीं तींत परभणीचें नांव अग्रभागीं झळकूं लागलें. २०१८ सालच्या सप्टेंबरांत येथें लिटरचा भाव नव्वदीपलीकडे गेला, आणि २०२२ च्या एप्रिलांत तो १२३ रुपयांवर पोंचला. ह्याचें कारण अगदीं साधें आहे. आमचें पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यांतून टँकरांनीं येतें. सुमारें तीनशें किलोमीटरांची वाट तुडवून तें येथें आलें म्हणजे त्या वाटेचें भाडें त्याच्या किंमतींत मिसळलेलें असतें.

ह्या गोष्टीशीं माझा संबंध वर्तमानपत्र वाचण्यापुरताच राहिला असता. परंतु माझी आई सेलूच्या बाजूस एका खेड्यांत राहते. तिचें वय ब्याऐंशी. तिनें परभणीस येऊन राहावें म्हणून आम्हीं उभयतांनीं नाना प्रकारें विनवून पाहिलें. पण अंगणांतील तुळस आणि देवघरांतील वाडवडिलांचे देव सोडून ती येत नाहीं. तेव्हां आठवड्यांतून तीन वेळां तिच्याकडे जावें, औषधें, भाजी व दळण पोंचवावें आणि घटकाभर तिच्याजवळ बसून परत यावें, असा शाळेंतून निवृत्त झाल्यावर माझा नेम ठरून गेला. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. महिन्याचे सुमारें हजार.

२०२२ सालीं ह्या नेमाला हिशेबाची दृष्ट लागली. निवृत्तिवेतन होतें तेवढेंच राहिलें, आणि पेट्रोलचा आंकडा मात्र महिन्याला आठ हजारांच्या वर जाऊं लागला. मग तीन फेऱ्यांच्या दोन झाल्या, आणि दोहोंची एक केव्हां झाली तें माझें मलाच समजलें नाहीं. एके दिवशीं निघतांना आईनें सहज विचारल्यासारखें करून विचारलें, “पेट्रोल फार महाग झालं का रे?” ती वर्तमानपत्र वाचीत नाहीं, तिनें केवळ माझ्या फेऱ्या मोजल्या होत्या. मी “नाही ग, जरा कामं होती,” असें कांहीं तरी पुटपुटलों. वाटेंत मला माझी लाज वाटली.

तेव्हांपासून विजेवर चालणाऱ्या गाडीचा विचार आमच्या घरांत शिरला. पुण्याचे जांवईबापू हे त्या पंथाचे कट्टर अनुयायी. किलोमीटरला रुपया पडतो, असें ते छातीवर हात ठेवून सांगत. हें ऐकून मी बराचसा वळलों होतों. इतक्यांत २०२३ च्या मार्चअखेरीस राज्याच्या वीज नियामक आयोगानें महावितरणाचे नवे दर जाहीर केले, आणि आमचे शेजारी अप्पा सायंकाळीं बिल हातांत घेऊनच ओट्यावर आले.

“मास्तर,” ते म्हणाले, “आधी स्वस्त विजेचं आमिष दाखवायचं, आणि सगळे गाडीत बसले की दर वाढवायचे! पेट्रोलच्या आगीतून निघून तुम्ही विजेच्या फुफाट्यात पडणार.”

अप्पांचा संशय हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. २०२२-२३ सालीं शंभरावरील व तीनशेंपर्यंतच्या घरगुती युनिटास वहन आकारासह ८.६९ रुपये पडत होते. तोच दर २०२४-२५ सालीं ११.४६ झाला. तीनशेंपलीकडील युनिट ११.७२ वरून १५.७२ वर गेलें. त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार त्याहून निराळा. दोन वर्षांत तिसरा हिस्सा वाढ! पेट्रोलसुद्धां इतक्या वेगानें क्वचितच धांवलें असेल.

अशा प्रसंगीं आमच्या घरीं अंतिम निकाल सौभाग्यवतींकडे असतो. त्यांच्याजवळ गेल्या तीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांनीं प्रथम जांवईबापूंचा रुपया खोडला आणि मग अप्पांचा फुफाटा तपासावयास घेतला.

“अहो, तुम्ही दोघंही बिलाला युनिटांनी भागता, तिथंच चुकतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या बिलाची सरासरी दहा रुपये येईल, पण गाडी आपली पहिली शंभर युनिटं खाणार नाही. ती पंगतीला शेवटी बसणार. तिच्या पानात महागाचीच युनिटं पडायची.”

ही गोष्ट इतकी सोपी असूनही आम्हां दोघां पुरुषांच्या ध्यानांत आली नव्हती. विजेचे दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतात. घरचे दिवे, पंखे व फ्रीज खालच्या पायऱ्या व्यापून बसलेले असतात. नव्यानें येणारी गाडी वरच्या पायरीवर चढते. आमचा खप महिन्याला दीडशें युनिटांचा. भिंतींतील खटक्यापासून बॅटरीपर्यंत होणारी गळती धरून मध्यम आकाराची गाडी एका युनिटांत सुमारें सहा किलोमीटर जाते, म्हणजे हजार किलोमीटरांस १६७ युनिटें हवींत. त्यांतील दीडशें ११.४६ च्या दरानें आणि उरलेलीं सतरा १५.७२ च्या दरानें. शुल्कासह एकूण २,३०४ रुपये. म्हणजे किलोमीटरास रुपया नव्हे, तर सव्वादोन रुपयांहून किंचित् अधिक.

आतां दुसरी बाजू. पेट्रोलची तशीच गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते असें धरलें, आणि पेट्रोलचा भाव २०२४ च्या मार्चांतील कपातीनंतर येथें होता तसा १०७ रुपयांच्या आसपास धरला, तर हजार किलोमीटरांस ७,१३३ रुपये लागतात. बचत ४,८२९ रुपये. विजेचे दर कोठपर्यंत चढले म्हणजे ही बचत शून्य होईल, हेंही सौभाग्यवतींनीं काढून ठेवलें: युनिटास सुमारें त्रेचाळीस रुपये. अप्पांचा फुफाटा अजून बराच लांब होता.

परंतु वहीच्या पुढच्या पानानें मला खरें चकित केलें. २०२२ सालचे दोन्ही भाव घेऊन हाच हिशेब केला, तर बचत ६,४५७ रुपये येते. म्हणजे दोन वर्षांत ती सोळाशेंनीं आटली. त्या सोळाशेंपैकीं विजेच्या दरवाढीनें खाल्ले केवळ ५६१ रुपये. उरलेले एक हजार सदुसष्ट पेट्रोलच्या स्वस्ताईनें नेले. २०२२ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें अबकारी कर उतरविला, जुलैंत राज्यानें आपला कर उतरविला, आणि त्या दोन कपातींनीं विजेच्या गाडीची जितकी शोभा घालविली तितकी महावितरणानें घालविली नाहीं. ज्याला आपण विजेच्या महागाईचा दोष म्हणतों, त्याचा दोनतृतीयांश भाग हा पेट्रोलच्या उताराचा गुण असूं शकतो. तो उतार कायमचा आहे अशी हमी मात्र कोणीच देत नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या गांवाला विशेष लागू पडते. पेट्रोलला मनमाडहून यावें लागतें. विजेला यावें लागत नाहीं. निदान ग्राहकाच्या बिलांत तरी तिची वाट मोजली जात नाहीं. महावितरणाचा घरगुती दर पुण्यास जो, तोच परभणीस. दूर राहण्याबद्दलचा जो दंड आम्ही पंपावर इतकीं वर्षें भरीत आलों, तो भिंतींतल्या खटक्यापाशीं माफ होतो. पुण्याच्या मनुष्यापेक्षां परभणीच्या मनुष्याचा ह्या गाडींत अधिक लाभ आहे, ही गोष्ट जांवईबापूंनाही सुचली नव्हती.

म्हणून जो तो उठून विजेची गाडी घेऊं लागला तर तो शहाणा ठरेल काय? येथेंच सौभाग्यवतींनीं तिसरें पान उघडलें, आणि तें वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीहून तीन लाखांनीं महाग धरा. २०२२ च्या भावांनीं ती रक्कम सेहेचाळीस महिन्यांत फिटली असती. २०२४-२५ च्या भावांनीं ती बासष्ट महिन्यांत फिटते. विजेची वाढ आणि पेट्रोलचा उतार ह्यांनीं मिळून आमच्यावर सव्वा वर्षाची प्रतीक्षा अधिक लादली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु अप्पांची गाडी बाजार, देऊळ आणि एखादें लग्नकार्य मिळून महिन्याला चारशें किलोमीटरही चालत नाहीं. त्यांची बचत दोन हजारांच्या आंत राहील आणि तीन लाख फिटण्यास पावणेतेरा वर्षें लागतील. बॅटरीची हमी मात्र बहुधा आठ वर्षांचीच असते. तेव्हां अप्पांनीं आपली जुनी गाडी ठेवावी हेंच रास्त. त्यांचा निर्णय बरोबर आणि कारण चुकीचें, असें आम्हांस त्यांना सांगावें लागलें. निर्णय बरोबर निघाल्यामुळें त्यांनीं तें आनंदानें ऐकून घेतलें.

म्हणींतील ज्या जर्मनीशीं आमची जोडी जुळविली आहे, तेथेंही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतर तेथील वीज अतिशय महागली. २०२३ सालीं घरगुती युनिटास सुमारें चाळीस सेंट पडत होते. तरी घरीं भरलेली गाडी पेट्रोलच्या गाडीहून जवळजवळ निम्म्या खर्चांत चाले. परंतु महामार्गावरील शीघ्र केंद्रांचा दर साठ-सत्तर सेंटांवर गेला, आणि तेथें भरणाराच्या हातीं बचत म्हणून फारसें कांहीं उरलें नाहीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत तेथील सरकारनें खरेदीचें अनुदान अकस्मात् बंद केलें, आणि पुढल्या वर्षीं अशा गाड्यांचा खप घटला. ह्यावरून दिसतें तें इतकेंच, कीं गाडी कोणती ह्याइतकाच ती कोठें भरतां हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडेही सार्वजनिक शीघ्र केंद्रावर युनिटास वीस-पंचवीस रुपये मोजावे लागले, म्हणजे किलोमीटरचा खर्च चार रुपयांवर जातो. ज्याला घरचा ओटा आणि घरचें मीटर नाहीं, त्यानें माझ्या हिशेबावर विसंबूं नये.

वैशाख-वणव्याचा अनुभवही लपवून ठेवीत नाहीं. उन्हाळ्यांत परभणीच्या घरांत दोन-दोन कूलर अहोरात्र घरघरतात, घरचाच खप तीनशेंवर जातो आणि गाडीचीं सगळींच्या सगळीं युनिटें वरच्या पायरीवर चढतात. त्या महिन्यांत गाडीच्या वाट्यास तीन हजारांवर रुपये आले. पेट्रोलच्या निम्म्याहून ते कमीच. तरी बिल पाहून छातींत धस्स झालें खरें. शिवाय वीज ही कांहीं आकाशांतून फुकट पडत नाहीं. २०१५ सालीं शेजारच्या परळीचें औष्णिक केंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें होतें, हें आम्ही मराठवाड्याचे लोक विसरलेलों नाहीं. कोळसा, पाणी व वहन ह्यांचा खर्च आज ना उद्यां बिलांत उतरणारच.

मात्र आकाशांतून जें खरोखर फुकट पडतें, त्या उन्हाची आमच्याकडे वाण नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें घरांच्या छपरांवरील सौर विजेसाठीं योजना काढली. तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजारांचें अनुदान मिळतें. असा संच दिवसाला सरासरी बारा युनिटें देतो, म्हणजे घर व गाडी मिळून जेवढें लागतें तेवढें बहुतेक भागतें. आणि येथें अप्पांचा मुद्दा उलटा फिरतो: विजेचा दर जितका चढेल तितकें छपरावरील प्रत्येक युनिट अधिक मोलाचें होतें. आमच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसविण्याचें आतां ठरलें आहे.

असो. गाडी घेतली, आणि आठवड्याच्या तीन फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. हिशेब करतांना मी बचतीचे रुपये मोजीत होतों. पण खरें पाहतां ते रुपये शिल्लक कोठेंच पडत नाहींत. एकाच्या तीन झालेल्या फेऱ्यांत ते खर्चून जातात. विजेच्या दरवाढीनें माझी बचत बुडाली काय, असें कोणीं विचारलें तर मी म्हणेन, कीं थोडी कापली गेली. परंतु आईकडे जातांना आतां मी वाटेंत भाव मोजीत बसत नाहीं.

आईची ह्या गाडीबद्दल एकच तक्रार आहे. “हिला आवाजच नाही रे,” ती म्हणते. “आधी तू वेशीवर आलास की मला स्वैपाकघरात कळायचं. आता कळतच नाही.” म्हणून हल्लीं माझ्या येण्याच्या दिवशीं ती दुपारीं चारच्या सुमारास ओट्यावरच येऊन बसते. त्या तिच्या बसण्याचा हिशेब सौभाग्यवतींच्या वहींत कोणत्या रकान्यांत मांडावा, हें मात्र आम्हां उभयतांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.