वाफ ठेवायची की काढायची

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातलं आमचं घर 1926 सालचं आहे. तळघरात बॉयलर, प्रत्येक खोलीत बिडाचा जाडजूड रेडिएटर, आणि बॉयलरमधून येणाऱ्या वाफेवर सगळं घर गरम होतं. पहिल्या हिवाळ्यात पहाटे बॉयलर पेटला की वरच्या मजल्यावर पाइपात कुणी घण घालतंय असा दणका सुरू व्हायचा. बैठकीच्या खोलीत खिडकी उघडावी इतकं उकडायचं आणि मागच्या खोलीत मुलगी दोन स्वेटर घालून अभ्यासाला बसायची. बॉयलर 1987 चा, त्याचे दिवस भरलेच होते. बदलायचाच आहे तर वाफेची भानगड संपवून गरम पाण्यावर जावं का, हा प्रश्न घरात उभा राहिला.

पहिल्या कंत्राटदाराने तळघरात पाऊल ठेवताच निकाल दिला, वाफ कालबाह्य झाली, काढून टाका. गरम पाण्याचा नवा कंडेन्सिंग बॉयलर 95 टक्के कार्यक्षम, वाफेचा जेमतेम 82. माझ्या नवऱ्याला हा आकडा पटला. मला तो अपुरा वाटत होता, म्हणून डॅन होलोहान यांचं वाफेच्या हीटिंगवरचं 1992 चं पुस्तक आणून वाचायला घेतलं.

आमच्याकडे एकाच पाइपची रचना आहे. वाफ ज्या पाइपाने वर चढते, त्याच पाइपाने तिचं झालेलं पाणी उताराने खाली परत येतं. पंप नाही, की वर काही फिरतं यंत्र नाही. रेडिएटरच्या कडेला छोटा व्हेंट असतो, तो आतली हवा बाहेर सोडतो आणि वाफ पोचली की आपोआप मिटतो. गरम पाण्याला मात्र जायला एक आणि यायला एक असे दोन रस्ते लागतात. म्हणजे प्रत्येक रेडिएटरपर्यंत दुसरा पाइप न्यायचा, त्यासाठी भिंती आणि ओकची फरशी फोडायची. शिवाय आमच्या काही रेडिएटरचे खण फक्त खालून जोडलेले आहेत, त्यांत पाणी भरलं तर वर हवा अडकून बसते. आणि दाब! वाफ दीड पीएसआयवर काम करते, दुमजली घरात पाण्याला बारा तरी लागतात. दीडला टिकलेले शंभर वर्षांचे सांधे बाराला टिकतील, याची हमी कोण देणार?

उलट बाजूही होती. 1918 च्या फ्लूनंतर ताज्या हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवायचा आग्रह होता, त्या हिशोबाने त्या काळात रेडिएटर मुद्दाम मोठे बसवले जात. त्यामुळे वाफेपेक्षा पाण्याने उष्णता कमी मिळाली असती तरी चाललं असतं. पण परतीचं पाणी साधारण 54 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच ते 95 टक्के हाती येतात, ही अट कंत्राटदाराने सांगितलीच नव्हती.

माझे वडील, अण्णा, वाळवा तालुक्यातले. सहकारी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून त्यांनी जन्म काढला. फोनवरून त्यांना आमचा बॉयलर दाखवला. ‘‘प्रेशर किती?’’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, किलोचा दहावा भाग. एकवीस किलोवर काम केलेले अण्णा दोनदा खात्री करून घेत होते. मग म्हणाले, ‘‘फोन काचेजवळ धर.’’ गेज ग्लासमधलं पाणी दोन-दोन बोटं वरखाली होत होतं, वर तांबूस फेस होता. ‘‘ही प्रायमिंग हाय. पाण्यावर तेल नायतर घाण हाय. वाफेबरोबर पाणी वर जातंय, मग पाइप बोंबलणारच. बॉयलर बदलाय निघालीस, आधी ह्यो धुतलाय का कुणी?’’

कुणीच धुतला नव्हता. तो धुतला. वरच्या मजल्यावर लेव्हल लावून पाहिलं तर रेडिएटर पाइपाच्या उलट दिशेला कललेला होता, पाणी आतच साचून राही आणि नवी वाफ त्यावर आदळे. व्हेंटकडच्या पायांखाली लाकडी पट्ट्या सारल्यावर पहाटेचा दणका थांबला. तळघरातल्या मुख्य पाइपाच्या टोकाला मोठा व्हेंट बसवला, उघड्या पाइपावर इंचभर जाडीचं फायबरग्लास चढवलं, आणि मागची खोली बाकीच्या घराबरोबर तापू लागली.

वाफच ठेवायची असं ठरलं, तरी नवऱ्याचा शेवटचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. नवा बॉयलर म्हणजे पुढची कित्येक वर्षं गॅस जाळायचा, त्यापेक्षा हीट पंप का नको? पण मॅसॅच्युसेट्समधले विजेचे दर देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहेत, आणि सगळं घर त्यावर टाकायची आमची ऐपत नव्हती. माळ्यावरच्या खोलीत रेडिएटर नव्हताच, तिथे एक हीट पंप घेतला. उन्हाळ्यात तोच गारवा देतो.

तळघरात नवा वाफेचा बॉयलर बसवायचं काम दुसऱ्या कंत्राटदाराला दिलं. पहिल्याने जुन्या बॉयलरवरची पाटी वाचून आकार ठरवला होता. हा माणूस घरभर फिरला, प्रत्येक रेडिएटरची उंची मोजली, खण मोजले आणि त्या बेरजेवरून बॉयलरचा आकार काढला. तो जुन्यापेक्षा बराच लहान निघाला. बसवल्यावर त्याने बाजूच्या नळातून बारीक धारेने पाणी वाहू देत पाण्यावरचं तेल काढलं. अण्णा फोनवर सगळा वेळ काच बघत होते.

त्यांच्या सांगण्यावरून तळघरात वही टांगली आहे, बॉयलरमध्ये किती पाणी घातलं ते दर आठवड्याला लिहिते. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि लोखंड खातो, म्हणून आकडा वाढला की गळती शोधायची. जानेवारीपासून तो थोडा वाढला आहे. परतीचा पाइप तळघराच्या फरशीखालून जातो, माझा संशय त्याच्यावर आहे. उन्हाळ्यात फरशी न फोडता तो वरून भिंतीलगत काढून घेणार आहोत.