खंडूची पायरी

खंडू गेला तेव्हा शेजारपाजारचे भेटून गेले. कुत्रं गेल्यावर भेटायला जायचं की नाही, याचा आमच्या साताऱ्यात काही रिवाज ठरलेला नाही. त्यामुळे कुणी दुधाला निघता निघता डोकावले, कुणी फाटकाबाहेरूनच बोलले. पण बोलले सगळे एकच. ‘सुटला बिचारा. आता पुढचा जन्म माणसाचा.’ समोरच्या काकूंनी तर चांगलं खातंपितं घरही कबूल करून टाकलं. मी मान हलवत होतो आणि आतून चिडत होतो. माणूस होऊन खंडूनं काय करायचं होतं? त्याला साधी आंघोळ सहन व्हायची नाही. त्याला शाळेत घालून कुणाचं भलं होणार होतं?

जनावराला आत्मा असतो का, हा प्रश्न खरं तर आपल्या घरात पडायलाच नको. तो पडला युरोपात. देकार्तनं १६३७ साली लिहिलं की प्राणी म्हणजे यंत्रंच, घड्याळासारखी, फक्त देवानं बनवलेली. मग तिकडे पुढे वाद झडत राहिले. आपण मुंगीलासुद्धा आत्मा देऊन मोकळे झालो. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा सगळे एका ओळीत बसवलेत आणि शहाण्याला ते सारखेच दिसतात असं सांगितलंय. पण आत्मा वाटून झाल्यावर आपण चौऱ्याऐंशी लक्ष पायऱ्यांचा जिना बांधला. तुकडा सगळ्यांना सारखा, बसायच्या जागा वेगळ्या. कुत्र्याला आत्मा आहेच, फक्त तो तिथं शिक्षा भोगतोय. काकूंचं सांत्वन म्हणजे बढतीची बातमी होती.

बाबांनी त्याला रविवारी आणला, म्हणून खंडू. खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच, त्यामुळे आईचीही हरकत टिकली नाही. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा आणि एक कान कायम पडलेला. जात विचारली की बाबा ‘मराठी’ असं सांगत. राखण वगैरे त्यानं कधी केली नाही. गॅसच्या टाकीवाल्यावर मात्र जन्माचं वैर होतं, आणि चोर आला असता तर त्याच्या पायात लोळला असता याबद्दल घरात एकमत होतं. कुकरची शेवटची शिट्टी कुठली, हे त्याला आईच्या आधी कळे. आंब्याच्या दिवसांत कोयी चघळून तो वाफ्यात पुरून ठेवी. पावसात त्या रुजत आणि बाबा त्यांना ‘खंडूची बाग’ म्हणत. दिवाळीत तो मोरीत जाऊन बसायचा. बाबा गेल्यानंतर कितीतरी दिवस तो मागच्या दाराच्या पायरीवर बसून राहिला. त्याला दुःख होतं की त्या पायरीवर ऊन चांगलं यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. माणसाचंही असतं.

शेवटी मूत्रपिंडं गेली. क्रिएटिनिनचा आकडा प्रत्येक तपासणीत वर सरकायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीला सलाईनची बाटली अडकवायची आणि मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. कातडीखाली पाण्याचा फुगा यायचा आणि हळूहळू जिरायचा. त्यानं एकदाही दात दाखवले नाहीत, आणि याचंच जास्त वाईट वाटायचं. मग उकडलेलं अंडंही तो नुसतं हुंगून सोडायला लागला. डॉक्टरांनी इंजेक्शनचं विचारलं आणि आम्ही हो म्हटलं. कंबरभर खड्डा, खाली-वर खडेमीठ, आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड. खड्डा खणणाऱ्या माळ्यानं पैसे घेतले नाहीत. पुढच्या जन्माचं काही न बोलणारा तो एकटाच.

कुत्रं गेलेल्या माणसाला लोक युधिष्ठिराची गोष्ट सांगतातच. स्वर्गाच्या वाटेवर द्रौपदी पडली, भाऊ पडले, शेवटपर्यंत चाललं ते कुत्रं. इंद्र रथ घेऊन आला. म्हणाला, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणाला, शरण आलेल्याला टाकून मी येणार नाही. इथवर माझा ऊर भरून येतो. पण पुढे कुत्रं यमधर्म निघतं, पोराची परीक्षा घ्यायला आलेलं, आणि सगळा आनंदीआनंद होतो. नीट पाहिलं तर इंद्राचा नियम मोडलाच नाही! दाराशी देव उभा राहिला आणि कुत्रं नाहीसं झालं.

आपल्याकडे जनावराला मान मिळतो तो असाच, ते दुसरं काहीतरी निघाल्यावर. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. त्या कुत्र्यात विठ्ठल होता. जुन्नर तालुक्यात आळे इथं ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, पण त्यानं वेद म्हटले होते. मुकाट नांगर ओढून मेलेल्या रेड्यांचं काय? रायगडावर वाघ्या कुत्र्याचा चौथरा १९३६ साली उभा राहिला, तो धन्याच्या, म्हणजे शिवरायांच्या, चितेत उडी घेतल्याच्या कथेवर. त्याला कागदोपत्री आधार नाही म्हणून २०१२ साली चौथऱ्यावरचा पुतळा काढून टाकला गेला, परत बसवला गेला, आणि वाद अजून चालू आहे. खंडूनं कुठंच उडी घेतली नाही. त्याच्या नावावर आंब्याची चार रोपं आहेत.

त्यापेक्षा मला महाभारताच्या आरंभीचं पिल्लू जवळचं वाटतं. जनमेजयाच्या यज्ञाशी सरमा नावाच्या कुत्रीचं पोर येतं. राजाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जातं. हवीला तोंड लावलं नाही, तिकडे पाहिलंसुद्धा नाही, असं सांगतं. सरमा राजाला जाब विचारते आणि कुणालाच उत्तर देता येत नाही. हे पिल्लू पुढे कुणी देव निघत नाही. मार खाल्लेलं पिल्लूच राहतं, आणि तेवढ्यावर राजाला शाप बसतो.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला १९१४ साली एक थडगं सापडलं, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा पुढे तपासल्या तेव्हा दिसलं की त्याला डिस्टेंपर झाला होता आणि कुणी सांभाळल्याशिवाय ते त्यातून कित्येक आठवडे जगलंच नसतं. शिकारीला निरुपयोगी, आजारी पोर. ते कुणी भरवलं, कुणी पुसलं, आणि शेवटी माणसांसोबत पुरलं. बहुधा त्याला कुणी बढती दिली नसावी.

पितृपक्षात बाबांचं श्राद्ध होतं. पानावरून गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास निघतो. मागच्या वर्षीपर्यंत तो तिसरा घास खंडूच खायचा. गुरुजींना ते सोयीचं वाटे, गल्लीत शोधत फिरायला नको. यंदा त्यांनी ‘खंडोबा कुठाय?’ म्हणून विचारलं आणि मी सांगितलं. मग भीतभीत विचारलं, त्याच्यासाठी काही करता येतं का?

गुरुजींनी शास्त्र काढलं नाही. म्हणाले, ‘तर्पणात बांधव, अबांधव, दुसऱ्या जन्मीचे बांधव, सगळ्यांनाच पाणी आहे. पण नावानं द्यायचं असेल तर गोत्र लागेल.’

‘त्याला कुठलं गोत्र?’

‘माहीत नसलं की काश्यप लावतात. आणि याचं तर खरंच काश्यप. भागवतात सरमा कश्यपाची बायको, श्वापदं तिची मुलं.’ त्यांनी ताम्हन पुढे ओढलं. ‘बाबांचं आधी होऊ द्या. गुरू, शिष्य झाले की आप्त येतात, तिथं घेऊ त्याला. तीळ एवढेच आहेत का? अजून आणा.’