शेवटच्या कामाची घराणी

विद्यार्थी मित्रहो, पाश्चात्त्य देशांत अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी घराणी असतात. शवपेटी घडविणारा सुतार हळूहळू प्रेतयात्रेची सारी व्यवस्था अंगावर घेऊ लागला आणि बापाचा धंदा मुलाकडे आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोहोचविण्यासाठी ते टिकवून ठेवण्याची विद्या वाढली आणि या धंद्याला बळ आले. तेथे दुकानाच्या पाटीवर घराण्याचे नाव अभिमानाने लिहिले जाते. आपल्या मावळात अशी जुनी पाटी मी पाहिलेली नाही. परंतु घराणी येथेही होती. केवळ पाटी नव्हती.

मावळात कोणी 'अंत्यसंस्काराला गेलो' असे म्हणत नाही. 'मातीला गेलो' असे म्हणतात. या मातीची कामे गावगाड्यात वाटून दिलेली असत. मडके कुंभाराचे, क्षौर न्हाव्याचे. सर्वांत कष्टाची कामे मात्र महाराकडे: सरणासाठी लाकडे आणणे आणि नातलगांना वर्दी देणे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही तीन खोरी डोंगरांनी एकमेकांपासून तोडलेली. आषाढाच्या पावसात, भरलेले ओढे ओलांडत, मरणाची बातमी घेऊन जाणाऱ्या माणसाची आपण कल्पना करावी. ज्यांच्या घरी तो वर्दी देई, ते त्याला उंबऱ्याबाहेरच उभे करीत. मोबदला म्हणून धान्याचे बलुते आणि प्रेतावरचे कापड. त्रि. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीच्या या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. मराठीच्या अभ्यासकाने ते अवश्य वाचावे.

या कामाला 'वतन' असे भारदस्त नाव होते. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. पण जो हक्क सोडता येत नाही, त्याला हक्क कसे म्हणावे? सुताराच्या मुलाला बापाचा धंदा नको असेल तर तो दुसरा धरू शकत होता. वर्दी नेणाऱ्याच्या मुलाला ती मुभा नव्हती. दुसऱ्याच्या सरणाची लाकडे वाहणाऱ्याला स्वतःच्या माणसासाठी मात्र वेगळी जागा शोधावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमके ओळखले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. पुढे ज्यांचे तळेगाव दाभाडे येथे निवासस्थान होते, त्या बाबासाहेबांना कनिष्ठ वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा मात्र पाहता आला नाही. तत्पूर्वी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी गावकीची ही कामे आपण होऊन सोडली होती.

दरम्यान आगगाडीनेही आपले काम केले होते. १८५८ साली खंडाळा–पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली बोरघाट खुला झाला. मावळातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली. डोंगर ओलांडणाऱ्या वर्दीच्या जागी तार आली. 'तार आली' एवढे शब्द ऐकताच घरातील बायका रडू लागत, मजकूर कोणी वाचण्याआधीच. २०१३ साली तारही बंद झाली.

आज बाजारपेठेच्या गावात मर्तिकाच्या सामानाची दुकाने असतात. बांबू, सुतळी, कोरे कापड, मडके, कापूर, गुलाल, बुक्का; वेळप्रसंगी तिरडी बांधून देण्यापर्यंत सारे काही. बहुधा एकच कुटुंब हे दुकान चालविते आणि कडी वाजली की मध्यरात्रीही उठते. येथे भाव करण्यास कोणी धजत नाही. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणावे, अशी आपली रीत; या एका दुकानाच्या पायरीवर मात्र गिऱ्हाईकाची जीभ अडखळते आणि दुकानदारही 'या' म्हणत नाही. शुभ कार्याच्या वेळी या घराण्याकडे पाहून काहींच्या कपाळावर अजून आठी पडते. तरीही एक मोठा फरक झाला आहे. या घरातील मुलगी उद्या शिक्षिका होऊ शकते आणि दुकान बंद झाले तर त्याबद्दल कोणी तिला जाब विचारू शकत नाही.

२०२० आणि २०२१ च्या साथीत जवळचे नातलगही प्रेताजवळ जाऊ शकत नव्हते, तेव्हा स्मशानातील कामगारांनी अनोळखी देहांना अग्नी दिला. त्या दिवसांत आपण त्यांच्यापुढे हात जोडले. साथ ओसरल्यावर त्यांच्यापैकी कितींची नावे आपल्या लक्षात राहिली, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

मित्रहो, आपण भाषेचे विद्यार्थी आहात. वर्दी, ताटी, सरण, खांदेकरी, सावडणे हे शब्द आपल्या गावातील वृद्धांकडून ऐका आणि वहीत उतरवा. शब्दाचा अर्थ लिहून मात्र थांबू नका. ते काम कोणत्या घराकडे होते आणि त्या घराला नकार देता येत होता का, हेही त्याच्यापुढे लिहा. ज्या घराण्यांना पाटी मिळाली नाही, त्यांचा इतिहास निदान आपल्या वहीत तरी असावा.