शिस्तीतून फुटणारे हसू

दूरचित्रवाणीवरील प्रहसनांचा कार्यक्रम, म्हणजे एका कथासूत्रात न गुंफलेल्या छोट्या विनोदी नाट्यप्रवेशांची मालिका, प्रेक्षकांच्या स्मरणात उरतो तो बहुधा मोजक्या क्षणांमुळे. आणि हे क्षण अवचित घडल्यासारखे भासले, तरी त्यांना जागा करून देणारी शिस्त आधीपासून उभी असावी लागते. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९६७ ते १९७८ या काळात चाललेला ‘द कॅरल बर्नेट शो’ हे या विधानाचे ठळक उदाहरण होय.

या कार्यक्रमाच्या प्रत्येक भागाचे वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर दोन प्रयोग होत, दोन्ही चित्रित केले जात आणि त्यांतील सरस अंश प्रसारणासाठी निवडले जात. पहिला प्रयोग संहितेबरहुकूम पार पडला की किमान एक निर्दोष चित्रण हाती असे. त्यामुळे कार्यक्रमातील विनोदी नट टिम कॉन्वे यांना दुसऱ्या प्रयोगात संहितेबाहेर जाण्याची मुभा मिळे, आणि ते काय करणार याची सहकलाकारांना पूर्वकल्पना नसे.

१९६९ मधील दंतवैद्याच्या प्रहसनाचा परिणाम या मोकळिकीतूनच साधला आहे. कॉन्वे यांनी रंगवलेला नवशिका दंतवैद्य बधिरतेचे इंजेक्शन चुकून स्वतःच्याच हातात टोचून घेतो आणि निकामी झालेला हात सावरता सावरता आणखी अवयव गमावत जातो, तर खुर्चीत अडकलेल्या रुग्णाच्या भूमिकेतील हार्वी कॉर्मन यांना हसू दाबणे अशक्य होते. नटाला अनावर हसू येऊन त्याचे सोंग सुटणे हा एरवी दोष मानला जातो. येथे मात्र कॉन्वे दंतवैद्याची धांदल अखेरपर्यंत गांभीर्याने वठवतात आणि कॉर्मनही भूमिका टिकवण्यासाठी प्राणपणाने झगडतात, म्हणून तोच दोष रसपरिपोषक ठरतो.

नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘वेन्ट विथ द विंड!’ या विडंबनातील क्षण याहून वेगळ्या जातीचा आहे, कारण तो संवादाआधी दृश्यातूनच हसवतो. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटात नायिका दारिद्र्य लपवण्यासाठी पडद्यांच्या कापडाचा पोशाख शिवून घेते. वेशभूषाकार बॉब मॅकी यांनी विडंबनात तो हिरवा मखमली पडदा त्याच्या दांडीसकट कार्यक्रमाच्या प्रमुख अभिनेत्री कॅरल बर्नेट यांच्या खांद्यांवर चढवला, आणि तो मिरवत त्या जिना उतरू लागताच प्रेक्षागृहात हास्यकल्लोळ उसळला. विडंबनाला मूळ कृतीची ओळख आवश्यक असते. हा चित्रपट त्याच महिन्यात काही दिवस आधी अमेरिकी दूरचित्रवाणीवर प्रथमच देशभर दाखवला गेल्याने ती ओळख ताजी होती. तरीही या क्षणाचे खरे बळ बर्नेट यांच्या चेहऱ्यावरील राजेशाही आत्मविश्वासात आहे, कारण दांडीचे अस्तित्व त्यांच्या पात्राला यत्किंचितही खटकत नाही.

याच कार्यक्रमातील ‘द फॅमिली’ या प्रहसनमालेत बर्नेट यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेल्या विकी लॉरेन्स बर्नेट यांच्या पात्राच्या आईची भूमिका करत, आणि मायलेकींचे भांडण इतक्या खऱ्या कडवटपणाने रंगे की हास्यामागील दुःखही प्रेक्षकाला जाणवे. पात्राच्या दृष्टीने प्रसंग खराखुरा असणे, हा या सर्व क्षणांचा समान पाया आहे. म्हणून प्रहसनाचे मूल्यमापन करताना प्रेक्षक किती हसले याबरोबरच नटांनी त्या प्रसंगावर किती निष्ठेने विश्वास ठेवला, हेही तपासले पाहिजे.