रोहित एल्ली?

२०२५ च्या मार्चमध्ये बातमी आली की ‘क्रिश’चा चौथा भाग निघणार आणि या वेळी दिग्दर्शन हृतिक रोशन स्वतः करणार. माझा मुलगा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आई, यातला कुठला भाग चांगला ग? पहिला की दुसरा?” मी पोळ्या लाटत होते. उत्तर तोंडावरच होते. पण बोलण्याआधी ओसरीवर बसलेल्या तम्माकडे माझी नजर गेली आणि लाटणे हातातच राहिले.

तम्मा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे आहे, पण ते कुणी वापरत नाही. आमची अव्वा बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यातली. तिच्या माहेरी उंबऱ्याच्या आत कन्नड आणि बाहेर मराठी. बाबा मात्र इथलेच, आदिलाबादचे मराठी. आजोबांच्या काळात बिदर आणि आदिलाबाद दोन्ही निजामाच्याच राज्यात, त्यामुळे सोयरीक जुळवताना कुणाला ते लांबचे वाटले नाही. पुढे १९५६ मध्ये अव्वाचे माहेर कर्नाटकाकडे गेले, आम्ही आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. घर तेच, पत्ता बदलत गेला. अव्वाने धाकट्याला ‘तम्मा’ म्हटले, शेजारच्या तेलुगू बायकांनी त्याचे ‘तम्मुडू’ केले आणि मी सगळ्यांचीच ‘अक्का’ झाले.

तम्मा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. डॉक्टरांनी गतिमंद हा शब्द सांगितला. अव्वाने तो ऐकून घेतला, पण मानला नाही. तिने त्याला बासरला सरस्वतीपुढे नेऊन अक्षराभ्यास करवला, माणिकनगरला नवस बोलली. चौथीनंतर शाळेने सांगितले, आता याला आणू नका. त्याचे वय तेरा असताना गल्लीतल्या पोरांनी त्याला ‘चल, गंमत दाखवतो’ म्हणून नागपूर-हैदराबाद रस्त्यापर्यंत नेले आणि तिथेच सोडून दिले. रात्री दहाला एका ट्रकवाल्याने त्याला आणून सोडले. त्या रात्रीपासून आमच्या दाराला बाहेरून कडी लागली. अव्वा बाजारात निघाली की कडी घालायची, किल्ली कमरेला. कुणी विचारले तर म्हणायची, “त्याला ऊन सोसत नाही.”

अशा घरात २००३ मध्ये ‘कोई... मिल गया’ आला. ऑगस्टमध्ये सगळीकडे लागला, आमच्याकडे थोडा उशिरा. राकेश रोशन यांनी मुलाला घेऊन काढलेली ही अवकाशातल्या पाहुण्याची कथा. तोवर आमच्यासारख्यांना परग्रहावरचे लोक भेटले ते जयंत नारळीकरांच्या गोष्टींतून, लायब्ररीच्या पिवळ्या पानांत. पडद्यावर हिंदी बोलणारा परग्रहवासी आम्ही पहिल्यांदाच पाहिला. जाणकार म्हणाले, हे तर स्पीलबर्गच्या १९८२ च्या ‘ई.टी.’सारखे आहे. असेल. तम्माला त्याचे काय?

त्याने पडद्यावर पाहिला तो रोहित. उंचापुरा, जाड भिंगांचा चष्मा, आणि बसतो सातवीतल्या लहान मुलांच्या बाकावर. मोठी पोरे त्याला छळतात, लहान मुले त्याची मित्र होतात. वडिलांनी अवकाशात ‘ओम’चा नाद पाठवायला बनवलेले यंत्र त्याच्या हाती लागते, त्यातून यान येते आणि जादू नावाचा निळा पाहुणा मागे राहतो. जादूला ऊन मिळाले की त्याच्यात शक्ती येते आणि ती शक्ती तो रोहितला देतो. चष्मा सुटतो, गणिते सुटतात, बास्केटबॉल जिंकला जातो. थिएटरमध्ये लोक टाळ्या वाजवत होते. तम्मा वाजवत नव्हता. तो माझा हात धरून बसला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, “अक्का, तो मी.”

या चित्रपटाला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता असे मला आजही वाटते. आमच्या गल्लीत त्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी तम्माला ‘येडा’ न म्हणता ‘रोहित’ म्हटले. चेष्टेनेच म्हटले, पण म्हटले.

मात्र त्या गोड गोष्टीत एक काटा होता. तो पुढच्या उन्हाळ्यात आमच्या पायात मोडला.

तम्मा जादूची वाट पाहू लागला. बाबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन तो गच्चीवर बसायचा आणि त्यात ‘ओम’ म्हणायचा. आम्ही हसायचो. अव्वाही हसायची, पण मला वाटते तीही थोडी वाट पाहत होती. नवस फेडायला तयार असलेल्या बाईला जादू काय आणि माणिकप्रभू काय, दोघेही देणारेच. २००४ च्या मे महिन्यात एका दुपारी तम्मा गच्चीवर उघड्या डोक्याने उभा राहिला, हात पसरून. आदिलाबादचा मे ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो. अव्वा खाली झोपली होती. मी कपडे काढायला गच्चीवर गेले तेव्हा तो पालथा पडला होता. अंग तव्यासारखे तापलेले, तोंडाला फेस. तीन दिवस सलाईनवर होता. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी विचारले, “चष्मा?” तो चष्मा लावतच नव्हता. त्याला विचारायचे होते, मी रोहितसारखा बरा झालो का?

अव्वाने ट्रान्झिस्टर भंगारवाल्याला दिला आणि सिनेमा बंद केला. गच्चीच्या दारालाही कुलूप आले.

म्हणून २००६ च्या जूनमध्ये ‘क्रिश’ लागला तेव्हा घरात भांडण झाले. पोस्टर तम्माने बाबांबरोबर दवाखान्यात जाताना पाहिले होते आणि त्याने जेवण सोडले. शेवटी अव्वा म्हणाली, “मी बरोबर येणार. काही वेडेवाकडे दिसले की उठवून आणणार.” पावसाची झड होती, छत्री एक आणि आम्ही तिघे.

आता चित्रपट म्हणून बोलायचे तर मी तेव्हाच नाराज झाले होते. सगळे मोठे होते. डोंगर मोठे, उड्या मोठ्या, सिंगापूरच्या इमारती मोठ्या, काळा मुखवटा, काळा कोट. अवकाश मात्र जवळजवळ गायब. जादूची आठवण निघते, पण यान दिसते ते शेवटी. पहिल्या अर्ध्या भागात प्रेमाची लपाछपी लांबत जाते. नसीरुद्दीन शाह यांचा भविष्य पाहणारा संगणक बाळगणारा शास्त्रज्ञ आहे म्हणून उत्तरार्ध उभा राहतो. याही चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्पेशल इफेक्ट्सचा. दोन भागांतला फरक दोन पुरस्कारांनीच सांगून टाकला, तो सांगायला समीक्षक कशाला हवा?

पण माझी खरी तक्रार वेगळी होती. पहिल्या भागात शक्ती दुबळ्याला मिळते. दुसऱ्यात ती वारशाने येते. रोहितचा मुलगा कृष्णा जन्मतःच बलवान, देखणा, हुशार. मग आमच्या तम्माचा त्याच्याशी संबंध काय?

तम्मालाही हेच कळत नव्हते. हृतिक पडद्यावर आल्याबरोबर तो पुढे सरकला, मग मागे रेलला. “हा रोहित नाही,” म्हणाला. “अक्का, रोहित एल्ली?” मी सांगितले, हा त्याचा मुलगा. पाच मिनिटांनी पुन्हा, “रोहित एल्ली?” कृष्णा घोड्याबरोबर धावला, झाडांवरून उडाला, गाणी झाली. आजूबाजूची पोरे शिट्ट्या मारत होती आणि आमच्या रांगेत दर थोड्या वेळाने एकच प्रश्न. पुढच्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिले. मग आजी नातवाला सांगते की रोहित सिंगापूरला कामाला गेला आणि प्रयोगशाळेतल्या अपघातात वारला. तम्मा उठून उभा राहिला. “चल, घरी,” म्हणाला. त्याच्यापुरता चित्रपट संपला होता.

मी अव्वाकडे पाहिले. मला वाटले तीही लगेच उठेल, तिला निमित्तच हवे होते. पण अव्वाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. तिथे रेखा होती, सोनिया, रोहितची आई आणि आता कृष्णाची आजी. नातवाचे वेगळेपण कुणाला कळू नये म्हणून ती त्याला शाळेतून काढून दूर डोंगरात घेऊन गेली आहे. मुलगा जगाच्या हाती दिला आणि गमावला, आता नातू देणार नाही, असे तिचे म्हणणे. अव्वाने तम्माचा दंड धरून त्याला खाली बसवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “कूड मगा. बघू दे.”

पुढची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. आजी नातवाला जाऊ देते, पण शक्ती कुणाला दाखवायची नाही असे वचन घेऊन. सर्कशीला आग लागते, आत मुले अडकतात. वचनही मोडायचे नाही आणि मुलेही मरू द्यायची नाहीत, म्हणून तो तुटका मुखवटा चेहऱ्यावर चढवतो. आणि शेवटी कळते की रोहित मेलेलाच नाही. त्याला इतकी वर्षे कोंडून ठेवले होते, कारण त्याच्या डोळ्यांशिवाय आणि हृदयाच्या ठोक्यांशिवाय ते यंत्र चालत नाही. पिकल्या केसांचा, खंगलेला रोहित पडद्यावर आला तेव्हा तम्मा खुर्चीवर चढला. “बंदा! अव्वा, रोहित बंदा!” साऱ्या थिएटरला ऐकू गेले. कुणीतरी हसले. अव्वा हसली नाही, रागावलीही नाही. पदर तोंडाला लावून बसली होती.

घरी परतताना रिक्षात ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना मला म्हणाली, “त्या बाईने नातवाला डोंगरात ठेवले. मी कडी घातली. तिचा बरा होता म्हणून, माझा बरा नाही म्हणून.” मग थोड्या वेळाने, “कोंडून कोणी कोणाला सांभाळले आहे का ग?”

सिनेमा पाहून माणूस एका रात्रीत बदलतो, असे सिनेमातच होते. कडी आणखी तीन महिने होती. त्या वर्षी दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला. बाबा मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. एक दिवस ते म्हणाले, याला बरोबर नेतो. अव्वाने एकाऐवजी दोन डबे भरले. बस, एवढेच. मी दारात उभी राहून पाहिले, ती कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेली आणि परत आली.

ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना ठाऊक आहे, सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात आणि त्याच्या वर गेला की गाडी परत. पैनगंगेपलीकडून, बेल्याहून, जैनदहून आलेला शेतकरी ओला कापूस घेऊन परत कुठे जाणार? तो तिथेच पसरतो आणि ऊन पडायची वाट पाहतो. तम्माला काम मिळाले ते हे. पसरलेला कापूस हातांनी उलटायचा, ढगाळले की ताडपत्री ओढायची, शेतकऱ्यांना पाणी द्यायचे. त्याला वजनकाटा वाचता येत नाही, वीसच्या पुढे मोजता येत नाही. पण ऊन आले की तो मोठ्याने ‘धूप!’ म्हणून ओरडतो आणि यार्डातले हमालही आता तसेच ओरडतात. आज जवळपास वीस वर्षे होतील. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय अव्वा त्याला अजूनही घराबाहेर पडू देत नाही.

जादू काही आला नाही. पहिला चित्रपट सरस, हे मी कुठेही सांगेन. पण त्यात रोहितची गेलेली शक्ती शेवटी परत केली जाते. तो जसा होता तसाच राहिला असता तर त्याचे काय झाले असते, हे सांगायचे धाडस दिग्दर्शकाला झाले नाही. आम्हाला तर तेच जगायचे होते. ते कसे जगायचे हे दुसऱ्याही चित्रपटाने सांगितले नाही, पण मुलाला जगापासून लपवून ठेवणारी आई त्याने दाखवली आणि ती आमच्या अव्वाने पाहिली. चांगला चित्रपट आणि कामी आलेला चित्रपट नेहमी एकच असतो असे नाही.

असो. तर मुलाने विचारले, कुठला भाग चांगला? मी म्हटले, “मामाला विचार.”

तम्मा डबा बांधत होता. त्याने वरही पाहिले नाही. “दुसरा,” म्हणाला. “दुसऱ्यात रोहित घरी येतो.”

“आणि तिसरा, मामा?”

२०१३ च्या तिसऱ्या भागात रोहित मुलाला वाचवताना जीव देतो. तम्माने तो एकदाच पाहिला आहे.

“साकु,” तो म्हणाला, रुमाल डोक्याला गुंडाळला आणि यार्डाकडे निघाला.